दाऊदचाचांची बोटं

दाऊदचाचा भाव तोंडाने कधी सांगत नसत. बाकी सगळं तोंडाने सांगत: कुणाच्या बैलाचा खूर दुखतो, कुणाच्या सुनेच्या हातचा चहा पाण्यासारखा लागतो, हिंगोलीची गाडी आज कुठल्या म्हशीसाठी थांबली. भावाची गोष्ट निघाली की मात्र ओठ मिटत आणि खांद्यावरचा रुमाल खाली येई.

वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हळदीचा सौदा तेव्हा रुमालाखाली होई. घेणारा आणि दलाल समोरासमोर बसत, दोघांच्या उजव्या हातांवर रुमाल पडे, आणि घेणारा दलालाची बोटं दाबून आपला भाव सांगे. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. भोवती माणसांचं कडं उभं असलं तरी भाव त्या दोघांनाच कळे. एकेक घेणारा असा हात घालून गेला की चाचा सगळ्यांत वरचा भाव आणि तो देणाऱ्याचं नाव पुकारत. पुकारलं की झालं. कागद नाही, साक्षीदार नाही. दलालाची बोटं आणि दलालाची जबान, एवढ्यावर आख्खा मोंढा चाले.

मी सांगलीचा. मराठी चौथी अर्ध्यात सोडून शेठजींच्या वखारीत लागलो, हळकुंड मोडून आतला रंग ओळखायला शिकलो, आणि लग्नाला आलो त्या सुमाराला शेठजींनी मला हळदीच्या खरेदीला मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात धाडलं. वसमतच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा समोरच्या उर्दू पाट्या वाचता येईनात. गाव हेच का, असं तिघांना विचारलं. तिघांनी हेच म्हणून सांगितलं तरी मी गाडी सुटेपर्यंत डब्याच्या दाराजवळून हललो नाही. न जाणो, परत चढावं लागलं तर! तेवढ्यात पांढरी दाढी, पिवळी बोटं आणि भलं मोठं पोट असलेला एक माणूस समोर येऊन उभा राहिला.

"सांगलीचा का तू? मग चोरावानी काहून उभा राहिला? चल, भाकर थंडी होऊन राहिली."

त्या दिवसापासून माझं नाव सांगली पडलं. दरसाल हळदीच्या हंगामात त्यांच्या अंगणापलीकडची खोली माझी असे. मी जात्याच भित्रा. पाणी बाधेल, माल खराब निघेल, शेठजी रागावतील, घरी आई आजारी पडेल, अशी काही ना काही चिंता माझ्या उशाशी बसलेलीच. चाचांनी त्यावर एक इलाज सांगितला होता.

"हे बघ सांगली, फिकर करायचीच आसंल तर दुपारच्याला करत जा. सकाळी बाजार ऱ्हातो आन् संध्याकाळी जेवण. त्यात फिकर घुसू द्यायची न्हाई."

मला हिवताप भरला तेव्हा जैनबचाची, म्हणजे चाचांची बायको, माझ्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसली, आणि माझ्यासाठी पेज शिजवायला चाचांनी शेजारच्या वाण्याच्या घरून वेगळं पातेलं आणवलं, माझी जात दुखावू नये म्हणून. मला बरं वाटल्यावर ते पातेलं त्यांनी परत केलं नाही. "तुला पुन्हा ताप येईल," म्हणाले. माझ्या चिंतेचीही त्या घरात अशी सोय होती.

चाचांच्या सदऱ्याला दोन खिसे. डाव्यात तंबाखू, उजव्यात गूळ. सौदा पटला तर गुळाचा खडा, फिसकटला तर दोन. जिलबीवाला त्यांना लांबून बघूनच कढईत हात घाली. आणि भाव केल्याशिवाय चाचा काही घेत नसत, देत नसत. भिकाऱ्यालाही म्हणत, "दुआ दोन दे, पैसा एक घे." नमाजाला उशीर झाला तर अल्लाशीसुद्धा रुमालाखाली काहीतरी ठरवत असतील असा चाचीला संशय होता.

एका हंगामात आलो तर चाचांचं पोट उतरलेलं आणि तहान वाढलेली. बसल्या बैठकीला घागर रिकामी करत आणि तितक्याच वेळा उठून न्हाणीकडे जात. न्हाणीच्या दगडाशी मुंग्यांची रांग लागू लागली. चाची घाबरली. चाचा मात्र खूश.

"बघ सांगली, मुंग्यांनासुद्धा ठाव हाय हा आदमी कोन्त्या दर्जाचा हाय!"

चाचीने त्यांना ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. मी सोबत. डॉक्टर तरुण होते, हैदराबादेहून शिकून आलेले, आणि नवीन काही सांगायला मिळालं की त्यांचे डोळे चमकत. त्यांनी तपासून सांगितलं की ही साखरेची बीमारी. पोटामागे एक पिंड असतं, त्यातून एक रस रक्तात उतरतो, त्याच्या जोरावर अंग साखर वापरतं. तो रस कमी पडला की साखर रक्तात साचते आणि लघवीवाटे वाया जाते.

"म्हंजी गूळ खाल्ल्यानं झाली न्हाई?"

"नुसत्या गुळाने असं म्हणता येत नाही. घराण्यात असते, बैठ्या माणसाला होते, वजन वाढलेल्याला होते. सगळं अजून कुणालाच कळलेलं नाही."

चाचा चाचीकडे वळले. "ऐकलं? मी बेगुनाह हाय!"

"पण आता झाली आहे," डॉक्टर म्हणाले, "तेव्हा गूळ बंद. जिलबी बंद. भात नावाला. रोज चालायचं."

चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि डॉक्टरांच्या हातावर टाकला. डॉक्टर गोंधळले. त्यांना वाटलं रोग्याला धीर हवा आहे. त्यांनी रुमालाखाली चाचांचा हात प्रेमाने दाबला. चाचा समाधानाने उठले आणि बाहेर आल्यावर म्हणाले,

"भला माणूस हाय. रोजच्या पाच जिलब्या कबूल केल्या."

तो करार चाचांनी इमानदारीने पाळला. चाचीने कारल्याचा रस दिला, तोही ते पीत. वर जिलबी खात, कडू तोंडाने सौदा करू नये म्हणून. त्याही वर चार पावलं चालत, म्हणजे जिलबीवाल्यापर्यंत.

हे असंच चाललं असतं. पण त्या हंगामाच्या अखेरीस मोंढ्यात एक गोष्ट घडली.

डोंगरकडा गावच्या एका शेतकऱ्याची हळद होती. माल चोख, मी स्वतः हळकुंड मोडून बघितलं होतं. माझा भाव देऊन झाला, इतरांचे झाले, आणि चाचांनी नांदेडच्या एका व्यापाऱ्याच्या नावाने पुकारा केला. तो व्यापारी उडालाच.

"चाचा, मी चार दाबले. पाच कुठून काढले?"

"पाच दाबले तू."

"चार!"

"माझी दाढी पांढरी झाली ह्या रुमालाखाली. मला चार आन् पाच कळंना का?"

"मग पुन्हा दाबतो. सांगा किती."

रुमाल पडला. व्यापाऱ्याचा खांदा जरा हलला. आम्ही सगळे चाचांच्या तोंडाकडे बघत होतो, आणि ते तोंड मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. मान तिरकी केली, लांबून आवाज ऐकावा तशी. मग त्यांनी जे केलं ते मोंढ्यात कुणी कधी केलेलं नव्हतं. रुमाल उचलला आणि स्वतःची बोटं डोळ्यांनी बघितली.

तीन धरलेली होती.

चाचांनी रुमाल हळू झटकला. "चूक माझी," शेतकऱ्याकडे बघून म्हणाले. "तुझी हळद चांगली हाय बाबा. दुसऱ्या दलालाकडं ने." आणि उठून घरी आले. खिशातला गूळ त्यांनी वाटेत एका शेळीला घातला.

घरी ओसरीवर बसून ते हळकुंड बोटांत फिरवत राहिले. "मोजे घातल्यावानी लागून राहिलं," म्हणाले. मग नांदेडवाल्याची थोडी बदनामी केली, जरा बरं वाटावं म्हणून; पण त्यात जीव नव्हता. शेवटी स्वतःच उठून दवाखान्यात गेले.

"सायब, मला माझी बोटं पायजेत. दुसरं काय घ्यायचं ते घ्या."

डॉक्टरांनी सुई टोचून टोचून तपासलं. हे त्याच बीमारीचं, म्हणाले. साखर नसांना खाते. "आधी तळपायांना होतं बहुतेक. तुमचे पाय कसे आहेत?"

"पाय? ते तर कवाचे कापसावर चालून राहिले."

"मग सांगितलं का नाही?"

"पायानं कोण भाव करतंय, सायब?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी त्या नव्या औषधाची गोष्ट सांगितली. पिंडातला तो रस आता जनावरांच्या पिंडातून काढता येतो, समुद्रापलीकडच्या डॉक्टरांनी तो शोधून काढला, मरायला टेकलेली लेकरं त्याने उठून बसली. हैदराबादेहून रेल्वेने मागवता येईल. रोज सुईने घ्यायचा.

"कोन्त्या जनावराचा?" चाचांनी पहिला सवाल केला.

डॉक्टरांनी पुस्तक काढलं, बघितलं आणि सांगितलं, गाईबैलांचा मागवू. चाचांचा जीव भांड्यात पडला. माझा तिथून उडाला. चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, "तू काहून पांढरा पडला? तुला थोडीच टोचून राहिले?"

"बोटं पहिल्यासारखी होतील असं मी सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "आहेत ती राहतील. थोडी सुधारतीलही. पण पथ्य सगळं पाळायचं. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सौद्यापर्यंत तपासणी चांगली येत राहिली, तर मी म्हणेन बसा मोंढ्यात. नाहीतर रुमाल घडी करून ठेवा."

"किती दिवस टोचायचं?"

"जन्मभर."

या खेपेला चाचांनी रुमाल काढला नाही.

पुढच्या हंगामाला मी आलो तेव्हा घराची रीत बदलली होती. औषधाची बाटली ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात, आणि ते मडकं चाचीच्या ताब्यात. सुई चाचीच उकळे आणि तीच टोचे. टोचताना चाचा मोठ्याने शेजारपाजारच्यांची नावं घेत, कुणीतरी बघायला यावं म्हणून. पहाटे स्टेशनापर्यंत चालून येत आणि आल्यावर तपासणी. डॉक्टरांनी काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि एक निळं औषध दिलं होतं. निळ्या औषधात लघवीचे थेंब घालून नळी तापवायची. रंग निळाच राहिला तर उत्तम. हिरवा झाला तर थोडी साखर, पिवळा झाला तर जास्त, विटकरी लाल झाला तर बोंब.

आता हे हळदीचं गाव. रंग बघण्यात जन्म गेलेली माणसं. त्यांना हा रोजचा खेळच मिळाला. चाचा नळी दिव्यावर धरत आणि अंगणात दोघंतिघं पान चघळत उभी.

"निळाच हाय."

"डोळे तपासून घे. हिरवट मारून राहिला."

"आरं ती तर सावली हाय आंब्याची!"

"सांगली, तू सांग. तू पगार खातो रंग बघायचा."

मी जीव मुठीत धरून सांगे, "निळा. जरासा हिरवा. पण निळा." जन्मभर पिवळ्याची तारीफ करून पोट भरणारा मी, चाचांच्या नळीत पिवळा दिसू नये म्हणून देव पाण्यात घालून बसत असे. चाचा नळी उंच करत आणि बाजारभावासारखं पुकारत, "आज निळा उघडला!"

एकदा सुई टोचून घेतल्यावर ते न खाताच कुणाच्यातरी भांडणात मध्यस्थीला गेले. परत आले ते घामाने निथळत, हात थरथरत, आणि बडबडायला लागले की बैलाला टोपी घाला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, औषध चढलं की असं होतं, ताबडतोब साखर द्या. चाचीने साखरेची मूठ तोंडात कोंबली. थोड्या वेळात चाचा शुद्धीवर आले, तोंडातली गोडी ओळखली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आगं, ही तर दवा हाय!"

मग काय, चाचांचे हात वारंवार थरथरायला लागले. जेवणाआधी थरथरत, पाहुणे आले की थरथरत. चाचीने दोनदा साखर दिली. तिसऱ्यांदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वा जी वा! हात कापून राहिले, आन् नजर कैसी बराबर बरणीपे हाय?"

हात तिथेच थांबले. पण त्या दिवसापासून साखरेच्या बाबतीत चाचांच्या बोलण्यावरचा घराचा भरवसा उडाला, आणि तेच पुढे नडलं.

पहिल्या सौद्याचा दिवस उजाडला. डॉक्टरांनी आदल्या दिवशी बोटं बघून मान हलवली होती. थोडं कळतं आहे. उद्याची नळी ठीक आली तर बसा. चाचांनी नवा सदरा घातला. नळी धुतली, स्वच्छ कोरडी हवी म्हणून खांद्यावरच्या रुमालाने आतबाहेर पुसली, आणि दिव्यावर धरली. त्या दिवशी अंगण भरलेलं होतं.

नळी हिरवी झाली नाही. पिवळीही नाही. सरळ विटकरी तांबडी.

पान चघळणारी तोंडं थांबली.

"काय खाल्लं?" चाची म्हणाली.

"काय न्हाई."

"जिलबी?"

"कसम सांगतो, काय न्हाई!"

"बरणी मोजून ठेवते मी आजपासून. आज पहिला सौदा, आन् आजच्या दिवशी..." तिचा आवाज फाटला आणि ती तोंडावर पदर घेऊन आत गेली.

चाचांनी अंगणातल्या एकेका तोंडाकडे बघितलं. सगळ्यांनी नजर वळवली. मग माझ्याकडे बघितलं. "सांगली, तू तरी?" मी नळी पुन्हा उजेडात धरून बघितली. तांबडीच होती.

"घरात माझी जबान चालत न्हाई," चाचा म्हणाले, "तर मोंढ्यात कोण ऐकंल?" आणि नवा सदरा काढू लागले. एक बाही निघाली आणि ते थांबले. तसेच, एक हात सदऱ्यात आणि एक बाहेर, नळी, निळं औषध आणि दिवा घेऊन दवाखान्याकडे निघाले. अंगणातली सगळी वरात मागोमाग.

"सायब," दारातूनच ओरडले, "मोंढ्यात वजनाचं भांडण झालं तर आमी आधी रिकामा काटा बघतो, मग माल. माझा काटा बघा!"

डॉक्टर हसले, पण त्यांना ते पटलं. "बरोबर आहे. नुसतं पाणी घालून बघू. रोज करता तसंच करा." चाचांनी नळी धुतली, रुमालाने पुसली. डॉक्टरांनी त्यात निळं औषध आणि विहिरीचं साधं पाणी घातलं.

दिव्यावर धरायच्या आतच नळी तांबूस झाली.

कुणीतरी मागून म्हणालं, "आरे बापरे, हिरीला साखरेची बीमारी झाली!"

डॉक्टरांनी नळी उजेडात धरली, मग चाचांचा रुमाल हातात घेऊन झटकला. पिवळी धूळ उडाली. नवी हळद उतरल्यापासून मोंढ्यात श्वास घेतला तरी हळद नाकात जात होती, आणि चाचा आदल्या दिवशी ढिगाऱ्यांत बसून आले होते. डॉक्टर आता इतके हसत होते की त्यांना नीट सांगता येईना. या निळ्या औषधात चुन्यासारखा खार असतो, म्हणाले. आणि हळदीला खार लागला की तिचं कुंकू होतं, हे तुमच्या घरच्या बायकांना विचारा. त्यांनी दुसरी कोरी नळी काढली. चाचांना पडद्याआड धाडलं. सगळ्यांसमोर पुन्हा तपासलं.

निळा. जरासा हिरवा. पण निळा. या वेळी मी न विचारताच ओरडलो.

चाचांनी दुसरी बाही चढवली. घरी जाऊन चाचीसमोर उभे राहिले आणि तो रुमाल तिच्यापुढे झटकला. चाचीने त्यांच्या सदऱ्याची घुंडी लावून दिली. "रुमाल दुसरा घ्या," एवढंच म्हणाली.

तो माझा वसमतमधला शेवटचा दिवस ठरेल हे तेव्हा माहीत नव्हतं. माझं लग्न ठरल्याची घरून तार आली होती, त्याच संध्याकाळच्या गाडीने निघायचं होतं. पुढे लढाई आली, शेठजींनी तिकडची खरेदी थांबवली, मग मोगलाईतच धामधूम उडाली, आणि माझं जाणं राहिलं ते राहिलंच. चाचा पुढे किती वर्षं सौदे करत होते, कधी थांबले, मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ती ती दुपार.

मोंढ्यात चाचा बसले. रुमाल पसरला, पण खाली हात घातला नाही. आधी उभे राहिले.

"ऐका रे सगळे! माझी बोटं बीमार हायत. मागच्या साली चुकलो, ते समद्यांनी पाह्यलं. आता थोडी बरी हायत, पुरी न्हाईत. ज्याला भरवसा नसंल त्यानं दुसरीकडं जावं, मी राग धरणार न्हाई. ज्याला असंल त्यानं जोरानं दाबावं. लाजू नका."

मला वाटलं, झालं, आता एकही पुढे येणार नाही. मग तो नांदेडचा व्यापारीच पुढे झाला. मांडी घालून बसला, बाह्या मागे सारल्या आणि रुमालाखाली हात घातला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. चाचांच्या तोंडून "या अल्ला!" निघालं, आणि सगळा मोंढा हसला. त्यांनी भाव तोंडाने सांगितला नाही, रुमालाखालीच तो उलट दाबून दाखवला, आणि व्यापाऱ्याने मान डोलावली. बराबर होता.

मग रांगच लागली. कुणी पैलवानासारखा दाबे, कुणी दात खाऊन. हमालसुद्धा सौदा नसताना हात घालून गेले. मी माझा भाव दाबला तेव्हा माझा अंगठा दुखला.

संध्याकाळी निरोप घ्यायला ओसरीवर गेलो. चाची गरम पाण्यात मीठ घालत होती. चाचांचा उजवा हात सुजून हळकुंडासारखा झालेला, आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून थांबवून दाखवत होते. माझी पिशवी बघूनही ते उठले नाहीत. हातच पुढे केला.

"बघ सांगली, बघ! हे करंगळीचं टोक. हे तर आवाज करून राहिलं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दाढीतून हसू फुटत होतं. "काय दुखून राहिलं बापा! लई दुखून राहिलं!"

गल्लीच्या वळणावर मी मागे वळून बघितलं. चाचा गवळ्याला थांबवून दाखवत होते.